बाबांचा फोन सांगोल्यात चार्ज होतो, घरी होत नाही

माणदेशी लेक | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर कृपया हलवा.

मी पुण्यात असते, आई-बाबा गावी, सांगोला तालुक्यात. बाबांचा अँड्रॉइड फोन अडीच वर्षांचा आहे, टाइप-सीवाला. गेले दहा दिवस तो घरी चार्ज होईना. जुना चार्जर लावला की विजेचं चिन्ह क्षणभर येतं आणि जातं. बाबा एसटीने सांगोल्याला गेले. दुकानदाराने त्याच्याकडची वायर लावली तर लगेच चार्जिंग सुरू. तो म्हणाला, तुमचा चार्जर गेलाय. म्हणून नवा चार्जर घेतला, वायरीला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेला. घरी येऊन लावला तर काहीच नाही, चिन्हसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी परत सांगोला. दुकानात तोच फोन, तोच नवा चार्जर, आणि चार्जिंग चालू! आता दुकानदार म्हणतो बॅटरी बदलून बघू.

सध्या बाबा एक दिवसाआड सांगोल्याला जातात, दुकानात दीड तास बसतात आणि फोन भरून आणतात. एकूणसाठ वर्षांचे आहेत. ई-पीक पाहणी सुरू झालीय, डाळिंबाची नोंद त्याच फोनवरून करायचीय. बँकेचा ओटीपी, व्यापाऱ्याचा फोन, सगळं त्यावरच. आईकडे बटणांचा साधा फोन आहे. मला इथून काय तपासता येईल? घरी का होत नाही, दुकानात का होतो, हेच कळत नाहीये.

चहाबिस्किट | ३ ऑगस्ट, रात्री ९:५२

अडीच वर्षं झाली ना? नवा घेऊन टाका. दहा हजारांत चांगले येतात.

रेशीमगाठ | ३ ऑगस्ट, रात्री १०:०५

चहाबिस्किट, दुकानात चार्ज होतोय म्हणजे फोन जिवंत आहे. जिवंत फोन कशाला टाकायचा? डाळिंबाला यंदा फवारणीचाच खर्च किती होतो ते एकदा शेतकऱ्याला विचारा.

ताई, सगळ्यात आधी खिशातला कापूस. माझ्या सासऱ्यांच्या फोनच्या पोर्टमध्ये इतकं खिशातलं बारीक सूत साचलं होतं की पिन पूर्ण आत जातच नव्हती. वरून बघितलं तर काही दिसत नाही, कारण वायर खुपसून खुपसून ते तळाशी घट्ट बसलेलं असतं. वायर लावल्यावर ‘टक्’ असं जाणवतं का, ते विचारा. जाणवत नसेल तर कचराच.

गोदाकाठ | ३ ऑगस्ट, रात्री १०:३०

बीड जिल्ह्यातून लिहितोय. मला ही घरातल्या विजेची भानगड वाटते. आमच्या वस्तीवर संध्याकाळी सगळ्यांच्या घरी दिवे-टीव्ही लागले की व्होल्टेज इतकं पडतं की बल्बची तार लाल दिसते, उजेड पडत नाही. अशा वेळी माझाही फोन चार्जिंग दाखवतो, सोडतो, परत दाखवतो. चार्जरवर बारीक अक्षरांत १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. त्याच्या खाली वीज गेली की तो बिचारा काय करणार? दुकानात बाजारपेठेची वीज, तिथे व्होल्टेज नीट. म्हणून तिथे चालतो.

उपाय: पहाटे चार-पाचला लावून बघा. तेव्हा लोड नसतो.

माणदेशी लेक | ३ ऑगस्ट, रात्री १०:४८

@गोदाकाठ, हे अगदी पटण्यासारखं आहे. व्होल्टेज कमी असतंच आमच्याकडे. सकाळी करायला सांगते.

सर्किटवाला | ३ ऑगस्ट, रात्री ११:२०

पिंपरीत पॉवर सप्लायच्या कामात बावीस वर्षं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. घाईने बॅटरी बदलू नका. चार्जिंगच्या वाटेवर सहा ठिकाणं येतात: भिंतीतला सॉकेट, चार्जर, वायर, फोनचा पोर्ट, आतला चार्जिंगचा भाग आणि शेवटी बॅटरी. दुकानदार शेवटून सुरुवात करतोय. आपण पहिल्यापासून जाऊ, कारण पहिल्या तीन गोष्टी फुकटात तपासता येतात.

त्याच सॉकेटवर, त्याच नव्या चार्जरने शेजारच्या कोणाचा टाइप-सी फोन लावा. तो चार्ज झाला तर सॉकेट, चार्जर, वायर तिन्ही सुटले. गावाकडच्या बोर्डात सॉकेट ढिले असतात, चार्जर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि संपर्क सुटतो. तेही याच चाचणीत कळेल.

मग फोन एकदा बंद करून चालू करा. हसू नका, चार्जिंग ओळखणारं सॉफ्टवेअर अडकतं आणि रीस्टार्टने सुटतं, हे मी स्वतः पाहिलंय. बॅटरी पूर्ण शून्यावर गेली असेल तर मात्र चिन्ह येण्याची वाट बघत अर्धा तास लावून ठेवा. लिथियम बॅटरी फार खाली उतरली, साधारण ३ व्होल्टच्या खाली, की फोन तिला आधी अगदी थोडा करंट देऊन सावकाश वर आणतो. त्या वेळात स्क्रीन काळीच राहते आणि माणूस पाच मिनिटांत कंटाळून वायर काढतो.

आणि एक महत्त्वाचं. टाइप-सीची पिन उलटी करून लावून बघा. म्हणजे आत्ता जी बाजू वर आहे ती खाली. दोन्ही बाजूंनी सारखंच वागतो का, ते सांगा.

वऱ्हाडी ऊन | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

राजेहो, एक उन्हाचंही बघून घ्या. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात फोन तव्यावानी तापते. गाडीच्या होल्डरवर लावला की दहा मिनिटांत ‘फोन गरम आहे, चार्जिंग थांबवलं’ असा संदेश. बॅटरी साधारण ४५ अंशांच्या आसपास गेली की बरेचसे फोन स्वतःच चार्जिंग कमी करतात किंवा बंद करतात. ताईच्या बाबांच्या घरावर पत्रे आहेत का? पत्र्याखाली खिडकीत फोन ठेवत असतील तर तेही कारण असू शकते.

कॅल्गरीकर | ४ ऑगस्ट, सकाळी ८:०२

आमच्याकडे नेमकं उलटं. जानेवारीत उणे २५ असताना गाडीत राहिलेला फोन घरात आणून लगेच लावला की तो चार्ज होत नाही. शून्याच्या खाली चार्ज केलं तर बॅटरीच्या आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि तो परत निघत नाही, म्हणून फोन स्वतःच नकार देतो. पहिल्या हिवाळ्यात मी घाबरून बॅटरी बदलायला निघालो होतो. शेजारच्या आजींनी सांगितलं, टेबलावर ठेव, तासाभराने लाव. झालं की चालू.

चंद्रपूर आणि कॅल्गरी एकाच धाग्यात, बरं वाटलं.

मालवणी माड | ४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

आमच्याकडे पावसाळ्यात पाण्याच्या थेंबाचं चिन्ह येतं, म्हणजे पोर्टमध्ये ओल आहे. भिजला नसला तरी दमट हवेने येतं. मी तांदळाच्या डब्यात रात्रभर ठेवते. सकाळी ठीक.

सर्किटवाला | ४ ऑगस्ट, सकाळी ९:१५

माडताई, तांदूळ नको. ॲपलने तर जानेवारी २०२४ मध्ये आपल्या मदतपानावर स्पष्टच लिहिलं की ओला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊ शकतात. तांदळाची भुकटी आणि स्टार्च ओल्या पिनांवर चिकटतो. फोनचं तोंड खाली करून हातावर हलकेच आपटा, पाणी बाहेर येऊ द्या, आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. हेअर ड्रायरही नको.

मालवणी माड | ४ ऑगस्ट, सकाळी ९:३३

पण माझा तर चार वेळा बरा झाला हो तांदळात!

सर्किटवाला | ४ ऑगस्ट, सकाळी ९:४१

रात्रभर नुसता टेबलावर ठेवला असता तरी बरा झाला असता. पुढच्या वेळी तसा ठेवून बघा आणि इथे सांगा. ओल असताना चार्जिंग लावणं सगळ्यात वाईट. पाणी, मीठ आणि वीज एकत्र आले की पिनांवरचा मुलामा खाल्ला जातो आणि हिरवट थर येतो. कोकणात तर हवेतच खार. म्हणून सांगतोय, तुम्हाला खोटं पाडायला नाही.

मालवणी माड | ४ ऑगस्ट, सकाळी ९:५०

बरं. ह्या वेळी तांदूळ भातासाठीच ठेवते.

माणदेशी लेक | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. निकाल सांगते.

पहाटे पाचला लावून पाहिला, नाही. घर पत्र्याचं नाही, स्लॅब आहे, फोन फडताळात असतो, गरम होत नाही. पाण्याच्या थेंबाचं चिन्ह नाही. रीस्टार्ट केला, फरक नाही. शेजारच्या काकूंचा फोन त्याच सॉकेटवर, बाबांच्याच नव्या चार्जरने लावला तर तो व्यवस्थित चार्ज झाला. म्हणजे @गोदाकाठ, व्होल्टेजचं नाही.

पिन उलटी लावून बघितली का विचारलं तर बाबा म्हणाले, “वायर बरोबरच घालतोय की मी.” ‘टक्’ जाणवतं म्हणाले.

गोदाकाठ | ४ ऑगस्ट, दुपारी १:३५

मान्य. माझा अंदाज चुकला. आता तर जास्तच कोडं झालं.

चहाबिस्किट | ४ ऑगस्ट, दुपारी २:००

मग बॅटरीच ना? उरलं काय?

कराडचा कारागीर | ४ ऑगस्ट, दुपारी ३:२५

माझं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं. दुकानदारांवर इथे थोडा राग दिसतोय म्हणून आमची बाजूही सांगतो.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं चार्ज होत नाही. मी काय करतो? आधी माझ्या चार्जरच्या मध्ये मीटर लावतो. दोन-तीनशे रुपयांचं छोटं यंत्र असतं, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतं. ५ व्होल्टवर एक-दीड अँपिअर खेचत असेल तर चार्जिंग ठीक. शून्य दाखवलं तर पोर्ट किंवा सीसी बोर्ड, म्हणजे खालची छोटी पट्टी जिच्यावर पोर्ट असतो. थोडासाच करंट घेऊन अडकला तर पुढचं बघायचं: बॅटरी जोडणारी स्ट्रिप, चार्जिंग आयसी म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप, कुठे शॉर्टिंग आहे का. आता ताईंच्या बाबांचा फोन त्या दुकानदाराकडे लावला की नीट चार्ज होतो. मीटर लावला असता तर तिथेही नीटच दाखवला असता. तो बिचारा काय दुरुस्त करणार? त्याच्यासमोर दुखणंच दिसत नाही. म्हणून तो अंदाजाने चार्जर, मग बॅटरी असं बोलला. फसवायला बोलला असेल असं मला वाटत नाही.

माझं मत: सीसी बोर्डाची पट्टी. बऱ्याच मॉडेलांत ती वेगळी येते आणि बदलायला स्वस्त पडते. बॅटरीची लक्षणं वेगळी असतात: चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडणं, लावला की भराभर शंभर आणि काढला की भराभर खाली.

आणि हात जोडून विनंती, पोर्टमध्ये सुई किंवा सेफ्टी पिन घालू नका. रोज दोन तरी फोन येतात ज्यांच्या आतली जीभ सुईने वाकवलेली असते. चालू फोनमध्ये धातू घातला तर शॉर्ट होतो ते वेगळंच. फोन बंद करा, लाकडी टूथपिक चाकूने चपटी करा, कडेकडेने हलक्या हाताने कचरा ओढा. मधल्या जिभेला धक्का नको. तोंडाने फुंकू नका, थुंकीची ओल आत जाते.

रेशीमगाठ | ४ ऑगस्ट, दुपारी ३:४०

कारागीर, फार छान लिहिलंत. ‘दुखणंच दिसत नाही’ हे आवडलं. डॉक्टरकडे गेलं की मुलाचा खोकला थांबतो, तसंच.

नवी पिढी | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१२

थोडं अवांतर, माफ करा. माझा नवीन फोन ८० टक्क्यांवर थांबतो, पुढे जातच नाही. कालच घेतलाय. परत करू का?

सर्किटवाला | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

सेटिंगमध्ये बॅटरी विभागात जा. बॅटरी जपण्यासाठी ८० टक्क्यांची मर्यादा चालू असेल. बंद करता येते, पण रोज पुरत असेल तर राहू द्या. पूर्ण भरलेल्या आणि गरम अवस्थेत लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

नवी पिढी | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३८

सापडलं! परत करायला उद्या रजा टाकली होती, वाचली.

आठवणींचा डबा | ४ ऑगस्ट, रात्री ८:१५

धागा वाचताना जाड पिन आणि बारीक पिन आठवली. ऑफिसात कोणीतरी ओरडायचं, “बारीक पिनचा आहे का कोणाकडे?” आणि पाच हात वर व्हायचे. मग मायक्रो आली, ती एकाच बाजूने जायची, अंधारात तीनदा फिरवून घालायची. आता टाइप-सी कशीही घाला. २०१४ मध्ये हा प्रकार जाहीर झाला तेव्हा मला वाटलं होतं की वायरींचा गुंता आता सुटला. पण अजून घरात एक पिशवी भरून वायरी आहेत आणि बायको एकही टाकू देत नाही.

स्टुटगार्टकर | ४ ऑगस्ट, रात्री ८:५०

युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या फोनना टाइप-सी सक्तीची आहे. त्याआधी २०२३ मध्ये आयफोन १५ सुद्धा टाइप-सीवर आला. पण पिन एक झाली तरी चार्जर सगळे सारखे नाहीत. अनेक कंपन्यांचं वेगवान चार्जिंग फक्त त्यांच्याच चार्जर आणि वायरीवर चालतं, दुसऱ्यावर फोन सावकाश भरतो. लोक त्याला ‘चार्ज होत नाही’ म्हणतात. वापरत असताना जेवढं येतं तेवढं खर्चही होतं, म्हणून टक्के हलत नाहीत.

सातारी आजी | ४ ऑगस्ट, रात्री ९:२०

मी इथे सहसा वाचतेच, लिहीत नाही. एक सांगायचं आहे. माझ्या यजमानांच्या फोनचं मागचं झाकण थोडं वर आलं होतं. आम्हाला वाटलं पडल्यामुळे. ते हाताने दाबून बसवायचे आणि रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपायचे. नातू सुट्टीला आला, त्याने बघितलं आणि ताबडतोब वायर काढली. बॅटरी फुगली होती. त्यानंतर बरेच दिवस मला रात्री झोप आली नाही. लेकी, तुझ्या बाबांच्या फोनचं झाकण सपाट आहे का, स्क्रीन कडेला उचललेली नाही ना, एवढं आधी बघ. बाकी सगळं नंतर.

कराडचा कारागीर | ४ ऑगस्ट, रात्री ९:३२

आजी, तुम्ही लिहिलंत ते सगळ्यात मोलाचं. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही आणि घंटागाडीतही टाकायची नाही, दाबली गेली तर पेट घेते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

माणदेशी लेक | ४ ऑगस्ट, रात्री १०:०५

आजी, लगेच फोन करून विचारलं. झाकण सपाट आहे, टेबलावर ठेवला तर डुगडुगत नाही. तुमच्या आठवणीने विचारलं, खूप बरं वाटलं.

उद्या काकूंच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करून स्वतःच बघणार आहे बाबा काय करतात ते.

घाटाखालचा | ५ ऑगस्ट, सकाळी १०:१०

दुकानात ठेवून यायची वेळ आली तर सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी करा. आणि पिन कोणालाही देऊ नका. पोर्ट बदलायला स्क्रीनचा पिन लागत नाही. माझ्या मावशीने कागदावर पिन लिहून फोनला चिकटवून दिला होता, यूपीआयचाही तोच होता. नशिबाने काही झालं नाही.

बिलावरून वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ लक्षात ठेवा, मराठीतही बोलता येतं.

माणदेशी लेक | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

सापडलं!! सापडलं बहुतेक!

व्हिडिओ कॉलवर बाबांना म्हटलं, मला दाखवा कसा लावता. त्यांनी वायरीचं टोक घेतलं, चष्मा लावला, टोक उजेडात फिरवून फिरवून बघितलं आणि मग लावलं. विचारलं, काय बघताय? तर म्हणाले, “अगं, खूण वर पायजे न्हवं? जुन्या फोनला तसंच घालायचो. उलटं घातलं की मोडतंय.”

वायरीच्या टोकावर एका बाजूला छोटी खूण आहे. आधीचा मायक्रो पिनचा फोन सहा वर्षं वापरला, त्यात खूण वर धरूनच पिन जायची. ती सवय त्यांनी कायम ठेवली. जुन्या वायरीला खूण, नव्या वायरीलाही खूण. म्हणून घरी प्रत्येक वेळी वायर एकाच बाजूने लागत होती. “बरोबरच घालतोय” म्हणाले ते याच अर्थाने!

मी म्हटलं, आता खूण खाली करा. ते तयारच होईनात. आई म्हणाली, करा की, पोरगी सांगतीय तर. केली. आणि चिन्ह आलं! टिकलं! आई टाळ्या वाजवत होती.

पण @सर्किटवाला, एका बाजूने का चालतो? दोन्ही बाजू सारख्या असतात ना?

सर्किटवाला | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

वा! मी कालच जरा नीट विचारायला हवं होतं. ‘उलटी लावा’ हे वाक्य बाबांपर्यंत वेगळंच पोचलं.

टाइप-सीमध्ये २४ पिना असतात, वर १२ आणि खाली १२. वीज वाहणाऱ्या पिना दोन्ही ओळींत असतात, त्यामुळे वीज कोणत्याही बाजूने येते. पण दोन पिना विशेष असतात, त्यांना सीसी-१ आणि सीसी-२ म्हणतात. दुकानातल्या ‘सीसी बोर्ड’शी घोळ करू नका, ही सीसी वेगळी. समोर चार्जर आहे का, वायर कोणत्या बाजूने लागली आहे आणि किती करंट घेता येईल, हे फोन आणि चार्जर या पिनेवरून ठरवतात. फोनमध्ये या दोन असतात, वायरीतून मात्र तिची एकच तार जाते. वायर सरळ लावली की ती तार एका सीसीला भिडते, उलटी लावली की दुसऱ्या.

बाबांच्या फोनच्या एका सीसीवर घाण किंवा गंज असणार. खूण वर असली की तार त्याच आजारी पिनेला भिडते. वायरीला दोन्ही टोकांना टाइप-सी असेल तर चार्जर या पिनेवर उत्तर मिळाल्याशिवाय वीज सोडतच नाही, म्हणून नव्या चार्जरवर चिन्हसुद्धा नाही. जुन्या, मोठ्या चपट्या पिनेच्या चार्जरमध्ये वीज कायम सोडलेली असते, म्हणून चिन्ह येऊन जात होतं. दुकानदार खूण बघत नाही, त्याच्या हाताला जशी येईल तशी घालतो. दोन्ही वेळा चांगली बाजू लागली.

गोदाकाठ | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३१

अंगावर काटा आला वाचताना. मी आपला व्होल्टेज व्होल्टेज करत होतो.

आठवणींचा डबा | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४४

आणि मी काल लिहिलं होतं की मायक्रो एकाच बाजूने जायची! उत्तर माझ्याच प्रतिसादात होतं आणि मला कळलं नाही.

कराडचा कारागीर | ५ ऑगस्ट, रात्री ८:१०

ताई, आता हे त्या दुकानदाराला सांगा: “खूण वर केली की होत नाही, खाली केली की होतो.” एवढं वाक्य मिळालं की कोणताही कारागीर थेट पोर्टकडे जाईल. भिंगाखाली बघून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने साफ करायला सांगा. नाही झालं तरच बोर्ड बदला.

चहाबिस्किट | ५ ऑगस्ट, रात्री ८:३०

मी पहिल्याच मिनिटाला नवा घ्या म्हणालो होतो. मनापासून सॉरी ताई. बाबांना नमस्कार सांगा.

माणदेशी लेक | ९ ऑगस्ट, दुपारी ४:०५

उशीर झाला कळवायला. बाबा परवा सांगोल्याला जाऊन आले. कारागिरांनी सांगितलेलं वाक्य मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. दुकानदाराने तिथेच दोन्ही बाजूंनी लावून बघितलं, स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि फोन भिंगाखाली घेतला. आतल्या जिभेच्या एका बाजूला पांढरा कडक थर आणि त्यात काळपट कण अडकलेले. त्याने बाबांकडे बघितलं आणि विचारलं, “काका, तंबाखू कोणत्या खिशात असती?”

चुना! बाबांच्या पैरणीच्या एकाच खिशात फोन, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. डबीचं झाकण सैल आहे. चुना पोर्टमध्ये जाऊन सुकला होता. त्याने ब्रशने हळूहळू पंधरा मिनिटं साफ केलं, पन्नास रुपये घेतले, बॅटरीचं नावही काढलं नाही. आता दोन्ही बाजूंनी चार्ज होतो. मी आईला दोन दिवस रोज खूण वर-खाली करून बघायला लावलं. पिनेवर थोडा डाग राहिलाय, परत त्रास झाला तर बोर्ड बदलू म्हणाला.

कराडचा कारागीर | ९ ऑगस्ट, दुपारी ४:२२

चौदा वर्षांत माती पाहिली, पीठ पाहिलं, गुलाल तर दर वर्षी गणपतीनंतर. चुना पहिल्यांदाच ऐकला. उद्यापासून मी पण खिसा विचारणार.

रेशीमगाठ | ९ ऑगस्ट, दुपारी ४:३०

तंबाखू सोडायला सांगा त्यांना, पोर्टसाठी नाही, त्यांच्यासाठी.

माणदेशी लेक | ९ ऑगस्ट, दुपारी ४:५१

रोज सांगते ताई. सध्या एवढंच जमलंय की आईने पैरणीला आतून दुसरा खिसा शिवलाय, फक्त फोनसाठी.

सातारी आजी | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

आणि डाळिंबाची नोंद?

माणदेशी लेक | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

झाली आजी, आज सकाळी. बागेत उभं राहून बाबांनी स्वतः फोटो काढला आणि नोंद पाठवली. मग मला फोन करून सांगितलं, “झालं बघ. आन् चार्जिंग ब्याऐंशी टक्के हाय.”